काका, हेड न उघडल्याबद्दल आभार

काका,
सप्रेम नमस्कार.

ही चिठ्ठी तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, शंकाच आहे. तुमचे हात दिवसभर ग्रीसमध्ये, आणि मोबाईल तुम्ही फक्त टॉर्चसाठी वापरता. तरीही चारचौघांत लिहितो आहे, कारण टेंपरेचरच्या काट्यावर एक डोळा ठेवून गाडी चालवणारा मी एकटाच नसणार.

तुमच्या गॅरेजात आलो तेव्हा माझी तापणारी गाडी आधी तीन गॅरेजं फिरून आली होती. पहिल्याने थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. दुसऱ्याने रेडिएटरचं झाकण आणि फॅनची मोटर. तिसऱ्याने दोन मिनिटं बॉनेटमध्ये डोकावून निकालच दिला: "हेड गॅस्केट गेलंय. हेड उघडावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यातलं सील. मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो.

तुम्ही बॉनेटला हातही लावला नाहीत. आधी विचारलंत, "तापते कधी?"
"सारखीच तापते," मी म्हणालो.
"सारखी कशी तापेल? उभी असताना, की पळवताना?"

आठवावं लागलं. गर्दीत काटा मध्यावरच असतो. मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासाने चढायला लागतो, त्यात चढण लागली आणि एसी चालू असला की बघायलाच नको. "मग फॅनच्या मागे कशाला लागले?" तुम्ही म्हणालात. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतोच, फॅनची गरज उभ्या गाडीला. इतकी साधी गोष्ट! पण आधी मला कोणी विचारलं नाही, आणि सांगायला हवं हे मलाही सुचलं नाही.

मग मी उत्साहाने रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो आणि तुम्ही जे ओरडलात, त्याबद्दल वेगळे आभार. त्या झाकणाखाली साधारण १ बार जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, हे मला कुठे माहीत? झाकण निघालं की दाब जातो, आणि आत शंभराच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. तासभर थांबायला लावलंत. चरफडत थांबलो.

गाडी गार झाल्यावर रेडिएटरच्या तोंडावर तुम्ही काचेची नळी बसवलीत, निळ्या पाण्याची. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला जळका गॅस रेडिएटरच्या पाण्यात शिरतो, आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने ते निळं पाणी पिवळं पडतं. इंजिन तापेपर्यंत आपण दोघं त्या नळीकडे टक लावून बसलो होतो. पाणी निळंच राहिलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नव्हता, एक्झॉस्टमधून पांढरा धूर नव्हता. "हेडला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात, आणि माझा जीव भांड्यात पडला. काही मिनिटांची ही तपासणी आधी कुणालाच का करावीशी वाटली नाही, हा प्रश्न मात्र मला अजून पडतो.

पुढचं काम तुम्ही लांबूनच तापमान दाखवणाऱ्या टेंपरेचर गनने केलंत. रेडिएटरचा वरचा होज पाईप चटका देणारा, खालचा कोमट. रेडिएटरच्या जाळीवर गन फिरवलीत, तर मध्येच गार पडलेला पट्टा कुठेच नाही, म्हणजे रेडिएटर चोंदलेला नाही. पाणी आत रेंगाळतंय, इतकं गार होईपर्यंत रेंगाळतंय. नवा थर्मोस्टॅटही काढून पाण्यात उकळवलात. "नवा म्हणजे चांगला, असं थोडंच असतं?" तो बिचारा त्याच्यावर कोरलेल्या ८२ अंशांच्या आसपास शहाण्यासारखा उघडला.

उरला हे पाणी फिरवत ठेवणारा वॉटर पंप. त्याच्यावर कुणाचा संशयच गेला नव्हता, कारण तो गळत नव्हता, आवाज करत नव्हता, पुली झकास फिरत होती. बाहेर काढला तर इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, पात्यांची नुसती बुडखी उरलेली, बाकी सगळं गंजाने खाल्लेलं. सावकाश चालताना इंजिनाची उष्णता कमी, तेवढ्या बुडख्यांवर भागत होतं. वेग आणि चढ आला की पाणी फिरायला कमी पडायचं.

"पाणी कुठलं घालता?" तुम्ही विचारलंत, आणि मी खाली बघितलं. नळाचं. कित्येक वर्षं. कूलंट म्हणजे बर्फाळ मुलखातल्या लोकांची भानगड, अशी माझी समजूत. त्यात गंजरोधक रसायनं असतात, आणि नळाच्या पाण्यातले क्षार आतून धातू खातात, हे ती बुडखी हातात घेतल्यावर कळलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

एक कबुली राहिली. पंपाबरोबर टायमिंग बेल्टही, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदलूया म्हणालात तेव्हा माझ्या मनात आलं, आता बिल फुगणार. या गाडीत पंप त्या बेल्टवरच फिरतो, तो काढल्याशिवाय पंप निघत नाही आणि बेल्टची मुदतही संपत आली होती, हे नंतर उमगलं. शंकेबद्दल माफी.

आतली हवा काढायला हीटर पूर्ण गरम करून तुम्ही पाऊण तास बुडबुडे मोजत बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटची पातळी दोन बोटं खाली दिसली म्हणून मी घाबरून फोन केला, तर तुम्ही हसलात: "हवा निघाली. गार आहे तोवर भरा." डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं करून भरलं. त्यानंतर एसी लावून तीच चढण तीनदा चढलो. काटा मध्यावरून हलला नाही.

फॅनची जुनी मोटर अजून डिकीत पडून आहे. चांगली चालते म्हणाला होतात. कुणाला लागली तर सांगा, आणून देतो.

आपला,
गरम झाकणाला हात घालणारा तोच