ब्रेक चिकटला म्हणून लगेच कॅलिपर बदलू नका

संपादक महोदय, स. न.

तुमच्या पुरवणीत गाडीच्या देखभालीवर जो मजकूर आला होता तो वाचला, बाकी सगळं ठीक आहे पण चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर 'कॅलिपर बदलून घ्या' असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही. (कॅलिपर म्हणजे ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे ढकलून चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग.) अहो, तपासायच्या आधीच निकाल! ब्रेक चिकटायची कारणं निदान तीन-चार तरी आहेत आणि त्यातली अर्धी कॅलिपर न बदलता सुटतात, आणि जिथे दोष कॅलिपरचा नाहीच तिथे नवीन कॅलिपर लावूनही ब्रेक परत चिकटतोच, म्हणून हे पत्र.

आधी चिकटलाय की नाही ते बघा. शक्यतो ब्रेक न लावता थोडी गाडी चालवायची, उतरून चारही रिमजवळ हात न्यायचा (लावायचा नाही, भाजेल), एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, जळका वास येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. बेअरिंग गेलं तरी चाक तापतं, पण ते सहसा घरघर आवाज करतं. मग गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही, दोन-चार वेळा ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. पॅड डिस्कला किंचित घासल्याचा आवाज येणं नॉर्मल आहे, पण चाक दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावं लागत असेल तर ते धरलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. चाक असं धरलेलं असतानाच कॅलिपरचा ब्लीडर निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा ढिला करायचा. ऑइल पचकन बाहेर आलं आणि चाक लगेच सुटलं तर दाब आत अडकलेला होता, म्हणजे पिस्टन बिचारा निर्दोष आहे. बहुतेक वेळा रबरी होज (कॅलिपरला ऑइल पोचवणारी नळी) आतून फुगलेला किंवा सोललेला असतो, पायाच्या जोराने ऑइल जातं पण परत यायला जोरच नसतो. एकाच वेळी दोन किंवा चारही चाकं धरत असतील तर मात्र मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) बघा, पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, उरला नसेल तर तिथलं परतीचं भोक झाकलेलं राहतं आणि दाब सुटत नाही. निप्पल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं तरच दोष कॅलिपरमध्ये, आणि त्यातही पिस्टनच्या आधी स्लाइड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या) बघा. कॅलिपर हाताने आत-बाहेर सरकत नसेल, एक पॅड झिजून पत्र्याला आलाय आणि दुसरा जाडच्या जाड आहे असं दिसलं तर पिना काढून पुसा आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

लोकांची एक तक्रार नेहमीची असते, 'नवीन पॅड टाकले आणि तेव्हापासून ब्रेक चिकटायला लागला'. मग पॅडला शिव्या. खरं काय होतं सांगतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो, त्याच्यावरचा रबरी बूट फाटलेला असेल तर बाहेर आलेल्या भागावर पाणी आणि चिखल बसून गंज धरतो. नवीन पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो, आणि कुणीतरी तोच गंजलेला भाग पक्कडीने सीलच्या आत कोंबतो. या पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते बरं का, कॅलिपरमधल्या सिलिंडरच्या खाचेत बसलेली चौकोनी छेदाची रबर रिंग, म्हणजेच सील, ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि सोडला की त्याला परत ओढते, तेही मिलिमीटरच्या काही अंशाएवढंच. तिच्यात काय जोर असणार? पिस्टन थोडा खरबरीत झाला की संपलं. म्हणून पॅड बदलताना पिस्टन ढकलायच्या आधी बूट उचलून बघणं हे खरं काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

अडकलेला पिस्टन मोकळा करायचा तर ब्रेकचाच दाब वापरा. कॅलिपर उतरवून तारेने टांगा (होजवर लोंबकळू देऊ नका), पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवा, दुसऱ्याने पेडल हळू दाबायचं, बाकीचे कॅलिपर जागेवरच राहू देत नाहीतर भलताच पिस्टन बाहेर येईल. हवेच्या नळीने पिस्टन उडवायचा प्रकार मी बघितलाय, बोट मध्ये आलं तर गेलंच समजा. बाहेर आलेला पिस्टन ब्रेक क्लीनरने पुसून नखाने चाचपा. नख अडकेल असे खड्डे असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिस्टन नवीन टाका, कारण सील घासतं ते पिस्टनवर. सिलिंडरच्या भिंतीवर थोडे डाग असले तरी चालतं, पण सीलची खाच मात्र स्वच्छ पाहिजे, तिथला गंज सीलला मागून दाबतो. सील आणि बूट नवीन टाका, बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावा. पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस यातलं काहीही नको, रबर फुगतं आणि ब्रेक पुन्हा चिकटतो.

मागच्या चाकाला कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत पिस्टन दाबून जात नाही, फिरवत आत घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी पूर्ण सोडलेल्या स्थितीत, घ्यायचा. इथे जोर लावणारे आतली यंत्रणा मोडून ठेवतात आणि मग खरंच कॅलिपर बदलायची वेळ येते.

सगळं जोडल्यावर ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायचीच, आणि ऑइल जुनं असेल तर पूर्ण बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हमी १५५ वर येते, आणि धरलेला ब्रेक तर तापतोच. ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, नाहीतर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

स्वतः करायची सवय नसेल तर करू नका, पण गॅरेजवाल्याला 'निप्पल उघडून बघितलं का' एवढं जरूर विचारा. आणि पुढच्या पुरवणीत ती कॅलिपर बदलायची ओळ तेवढी दुरुस्त करून छापा ही विनंती.

आपला,
एक वाचक