पदवीचा आराखडा उलट्या दिशेने आखून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी करायला घेतलेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणीतरी भेटावं, असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

या पदवीत निवडायला इतकं असतं की विद्यार्थी गांगरून जातो. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, भाषा, मानववंशशास्त्र, सगळ्या विभागांचे कोर्स यादीत असतात आणि सगळेच हवेसे वाटतात. क्रेडिट भरतात, पण शेवटी हाताशी काय उरतं? सगळ्याची थोडी थोडी ओळख. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि आधी विचारलंत, "शेवटच्या वर्षी प्रबंध कशावर लिहावासा वाटतो?" मी म्हटलं, नील नदीच्या पाण्याचा वाद.

मग तुम्ही एका कोऱ्या कागदावर सेमिस्टरचे रकाने आखलेत आणि उजवीकडच्या शेवटच्या रकान्यापासून भरायला घेतलंत. इजिप्त आणि सुदान यांनी १९५९ च्या करारात वर्षाला ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर पाणी आपसात वाटून घेतलं. नीलचं बहुतांश पाणी जिथून येतं तो इथिओपिया त्या करारात नव्हताच, आणि त्याआधीच्या १९२९ च्या ब्रिटन-इजिप्त करारातही नव्हता. म्हणजे वसाहतकाळाचा इतिहास हवा. इथिओपियाने २०११ मध्ये मोठं धरण बांधायला घेतलं ते विजेसाठी, म्हणजे विकासाचं अर्थशास्त्र हवं. ते घ्यायचं तर सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे प्राथमिक कोर्स आधी झालेले असायला हवेत. एकेक बाण डावीकडे सरकत गेला आणि पहिल्या वर्षाचे रकाने जवळजवळ आपोआप भरले.

कायद्याचा कोर्स मी टाळणार होते. तुम्ही १९९७ चा आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांवरचा संयुक्त राष्ट्रांचा करार समोर ठेवलात. कलम ५ म्हणतं, पाण्याचा वापर न्याय्य आणि वाजवी असावा. कलम ७ म्हणतं, दुसऱ्या देशाला लक्षणीय हानी होऊ नये. वरच्या अंगाचा देश पाचव्या कलमाचा आधार घेतो, खालचा सातव्याचा. महासभेत मतदान झालं तेव्हा इजिप्त आणि इथिओपिया दोघेही तटस्थ राहिले. भांडणातले दोन्ही पक्ष एकाच मजकुराला बिचकतात, हे त्या दोन कलमांशिवाय मला कधी कळलं नसतं. आंतरराष्ट्रीय कायदा तिसऱ्या सेमिस्टरला गेला तो तिथल्या तिथे.

भाषेबाबत तुम्ही सगळ्यात आग्रही होतात आणि त्याबद्दल मी सगळ्यात ऋणी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामकाजापुरती अरबी यायला सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरते. आठवड्याला पाच तास धरून किती आठवडे होतात, हा हिशोब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. ४४० आले. पदवीत ते बसणार नाही हे स्वच्छ दिसलं. मग ध्येयच वेगळं ठरलं: कोश जवळ ठेवून वर्तमानपत्रातली बातमी आणि सरकारी निवेदन वाचता आलं पाहिजे. त्यासाठी अरबी पहिल्या सेमिस्टरपासून, एकही खंड न पाडता. बाकी कोर्स मागेपुढे करता येतात. भाषेत मध्ये वर्षाचा खंड पडला की पुन्हा मुळाक्षरांपाशी यावं लागतं.

संख्याशास्त्रही तुम्ही दुसऱ्या वर्षातच घ्यायला लावलंत. व्यापार वाढला की युद्धाची शक्यता घटते का, असल्या प्रश्नांवरचे लेख रिग्रेशनच्या, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजणाऱ्या पद्धतीच्या, तक्त्यांनी भरलेले असतात. ते तक्ते ओलांडून थेट निष्कर्ष वाचायचा म्हणजे लेखकाच्या शब्दावर विश्वास टाकायचा. आता मी आधी तक्ता बघते.

आणि परदेशातल्या सेमिस्टरचं नियोजन! काही सक्तीचे कोर्स वर्षातून एकदाच असतात, हे यादीत लिहिलेलं असतं पण कुणी बघत नाही. तुम्ही त्या कोर्सांभोवती पेन्सिलीने गोल काढलेत आणि त्यातला एकही ज्या सेमिस्टरला नाही, तेच सेमिस्टर बाहेर जाण्यासाठी मोकळं ठेवलंत. तिथे फक्त भाषा आणि इलेक्टिव्ह. तिथले क्रेडिट इथे धरले जातील याची लेखी मंजुरी निघण्याआधी घ्यायला सांगितलीत. माझं एकही सेमिस्टर वाया गेलं नाही, ते या गोलांमुळे.

तुमच्या कामाच्या तासांत हे कुठेच मोजलं जात नाही, हे मला ठाऊक आहे. वर्ग घेणं, पेपर तपासणं यांच्या मधल्या वेळात तुम्ही माझ्या कागदावर वाकून बसायचात. मनापासून आभार, मॅडम.

प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं पुढच्या आठवड्यात पाठवते. कलम ७ वरचा भाग जरा कडक नजरेने तपासा. तिथे इजिप्तची बाजू अजून अपुरी मांडली गेली आहे असं वाटतं.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी