निवाऱ्यातल्या त्या ताई-दादांचे आभार

आमचा म्हातारा मोती गेल्यावर आईचं वावरात मनच लागेना. म्हणून वर्ध्याजवळच्या एका प्राणी निवाऱ्यातून चंपीला घरी आणलं. काळी, गावरान कुत्री, मागच्या पायानं जराशी लंगडी.

घरी आली अन् जी बाजेखाली शिरली ती निघेचना. भाकर नाही, पाणीसुद्धा नाही. रात्री घाबरून निवाऱ्यात फोन लावला. ताईंनी शांतपणे समजावलं : दूध देऊ नका, हगवण लागू शकते, पाणी जवळ ठेवा अन् तिच्याकडं पाठ करून बसा.

सकाळी तिथले एक दादा मोटारसायकलनं आमच्या गावात हजर! सोबत चंपी ज्यावर झोपायची ते जुनं पोतं. "मुद्दामच धुतलं नाही, तिला वास ओळखीचा लागंल." ते बाजेशेजारी अंथरलं, स्वतः मातीत बसले अन् साधा भात घासाघासानं तिला हातानं चारला. केवढी माया! पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. रेबीजच्या पुढच्या लसीची तारीख मात्र कार्डावर ठळक लिहून गेले.

आता चंपी आईच्या मागं-मागं तुरीच्या धुऱ्यावर फिरते, अन् आई तिच्याशी दिवसभर बोलते.

ताई, दादा, तुम्ही नावं सांगितली नाहीत. मनापासून आभार. तूर निघाली की डाळ घेऊन येतो, नाही म्हणू नका.