विकत नाही, विणते

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या महिला पुरवणीत शिवणकामावर पानभर मजकूर आला. मशीन कोणतं घ्यावं, कर्ज कुठं मिळेल, ब्लाउजला दर काय लावावा, गिऱ्हाईक कसं धरून ठेवावं, सगळं होतं. शिवायचं काय आणि कसं, यावर मात्र एक ओळ नव्हती. त्याबद्दल हे पत्र.

मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहते. घरी कापूस, तूर आणि विहिरीच्या भरवशावर थोडा हरभरा. लग्नात, १९८४ साली, वडिलांनी पायमशीन दिलं, ते अजून चालतं. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो. मग तार काढून अर्धा इंच कापायचा, पुन्हा जोडायचा. लाइन गेली तरी माझं काम अडत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यावर मी उशांचे अभ्रे शिवते, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवते, कूलरला उन्हाळा सरल्यावर घालायची खोळ शिवते. विणकाम दिवाळीनंतर. तेव्हा वेचणी असते. बोंडांची टोकं लागून बोटं अशी खरबरीत होतात की लोकर कातडीला अडकते. रात्री गोडेतेल चोळून बसायचं, मग टाके सुईवरून सरकतात.

हातात सुया दिसल्या की कोणी ना कोणी विचारतंच, ‘‘काकू, हे इकत काहून नाही तुम्ही?’’ बचत गटाच्या बैठकीत तेच, पाहुण्यांत तेच. नाही म्हटलं तर समोरची बाई माझ्याकडे अशी पाहते, जशी मी पिकलेला कापूस वावरातच सोडून आले. पुरुषांचं बरं आहे. माझे दीर रोज तीन तास पारावर पत्ते खेळतात, त्यांना आजवर कोणी विचारलं नाही की यातून महिन्याला काय सुटते.

एकदा मोह झाला होता. ओळखीतल्या बाईला पन्नास रुपये घेऊन साडीला फॉल लावून दिला. आठ दिवसांत घरात अकरा साड्या येऊन पडल्या, प्रत्येकीला लग्नाच्या आदल्या दिवशी हवी. त्या महिन्यात मी स्वतःसाठी एक टीप मारली नाही. तो उद्योग तिथंच थांबवला.

गैरसमज नको. पोटासाठी शिवणाऱ्या बायांबद्दल माझं काही म्हणणं नाही. केंद्राच्या २०२३च्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. ज्यांचं घर त्यावर चालतं त्यांना ती मिळायलाच हवी. पण त्यापलीकडेही शिवणाऱ्या बाया आहेत. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, म्हणून सांगते. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद म्हणून वेगळं काढलं होतं. कारण काय, तर सिंगरनं बायकोला हातानं शिवताना पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून मशीन केलं. (खरं तर सिंगरच्या आधी, १८४६ साली, एलियास हाउ यांनी पेटंट घेतलं होतं. पण ते असो.) घरच्या माणसासाठी केलेलं काम, ही गोष्ट त्यांना त्या यंत्रात दिसली. दर काय लावला, हे त्यांनी विचारलं नाही.

आमच्याकडे शेतीला बरेचदा रात्रीची लाइन. डिसेंबरात हे हरभऱ्याच्या ओलिताला जातात तेव्हा दात वाजतात. विदर्भात लोकर कशाला, असं विचारणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना एकदा रात्री दोन वाजता आमच्या धुऱ्यावर उभं करायला हवं. यांना मी कानटोपी विणली, तर म्हणाले, ‘‘ऐकूच येत नाही हिच्यात. डुकरं आली तरी समजत नाही.’’ रानडुकरांचा त्रास आमच्याकडे किती आहे ते आपले वार्ताहर जाणतातच. मी ती उसवली. दुसऱ्यांदा चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया, ११२ टाके, दोन सुलट दोन उलट. आणि कानाशी आठ टाक्यांच्या रुंदीत दोरा पुढे घेऊन दोनाचा एक, अशी बारीक जाळी टाकली. वारा थोडा लागतो, पण पंपाचा आवाज बदलला तरी कळतं. अशी टोपी आर्वीच्या कोणत्या दुकानात मिळेल? आणि तिची किंमत मी कशी सांगू? तीन रात्री विणली, दोन रात्री उसवली, मधल्या एका रात्री आम्ही दोघं नुसते हसलो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सारं शिकायचं कुठून? माझी आई शाळेत शिवणाच्या तासाला काजं आणि रफू शिकली, मी आईकडून शिकले. सून मोबाइलवर बघते. मीही बघते, पण तिथं मी एकदा चांगलीच फसले. परदेशी बाईच्या व्हिडिओत आठ नंबरच्या सुया सांगितल्या, मी आठ नंबर घेतल्या आणि नातवाचा स्वेटर विणला. तो त्याच्या डोक्यातूनच जाईना. नंतर कळलं की अमेरिकेतला आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. आपल्याकडच्या सुया जुन्या इंग्रजी मापाच्या, आपला आठ नंबर चारच मिलिमीटर. त्यात आपल्या विणायच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा वाढला की जाड. चौदा नंबर म्हटलं तर आधी कशाची ते विचारावं लागतं. क्रोशात आणखी घोळ. आपण ज्या आखूड टाक्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत एक नाव, इंग्लंडात दुसरं, आणि इंग्लंडातलं ते नाव अमेरिकेत आपल्या पूर्ण खांबाला, म्हणजे उंच टाक्याला. एकीचा नमुना पाहून दुसरीच्या हिशेबानं विणलं की रुमालाची टोपली होते. माझी झाली, त्यात आता लसूण ठेवते.

हे सगळं मराठीत, आपल्या मापात, आपल्या शब्दांत कोणी छापलं तर माझ्यासारख्या कितीतरी जणींचे धागे वाचतील. पंधरा दिवसांतून एकदा चौथा भाग पान पुरे. टोपडं, झबलं, नऊवारीच्या उरलेल्या कापडाचं काही, गोधडीच्या धावदोऱ्याची एखादी नवी तऱ्हा. आणि हो, सुती दोऱ्याचे नमुने जास्त द्या. बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक, चुलीच्या ठिणगीनं वितळतं आणि मेच्या उन्हात तर त्याला हात लावावासा वाटत नाही. कापूस आमच्या वावरात, नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली १८७७ साली, आणि मला विणायला जाड सुती दोरा हवा तर मुलाला पुण्याहून आणायला सांगावं लागतं. हे वेगळं पत्र होईल, म्हणून इथं थांबते.

फक्त त्या नमुन्यांखाली ‘यातून कमवा महिना इतके’ असं छापू नका.

कानटोपीचा नमुना सोबत चौकटीच्या कागदावर काढून जोडला आहे. जाळीची ओळ लाल शाईनं दाखवली आहे. योग्य वाटला तर छापावा, मानधन नको. आणि कृपा करून माझं व गावाचं नाव छापू नये. मागच्या त्या अकरा साड्या मला अजून आठवतात.

आपली,
एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा