पानशेतच्या पुरावरच्या रचनेसाठी बँडमास्तरांचे जाहीर आभार

आदरणीय बँडमास्तर,
सा. न. वि. वि.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. तीन-चार वर्षं वाद्य शिकलेल्या मुलांच्या बँडसाठी या घटनेवर साडेपाच मिनिटांची रचना तयार झाली, ती तुमच्या लाल पेन्सिलीमुळे. त्या खुणा इथे उघड मांडतोय, कारण मुलांच्या बँडसाठी लिहिणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडतील.

पावसाला मेघ राग घेतला : सा, रे, शुद्ध म, प, कोमल नी. आमचा सा डी होता, तुम्ही तो बी फ्लॅटवर आणलात. त्यामुळे क्लॅरिनेटच्या कागदावर, जिथे स्वर एका पूर्ण सुराने वर लिहितात, सी, डी, एफ, जी आणि एकच बी फ्लॅट उरला. आल्टो सॅक्सोफोनला तर एकही शार्प-फ्लॅट नाही.

खरी मेख मात्र नीवरून सावर जाताना होती. क्लॅरिनेटवर मधल्या बी फ्लॅटला बोटं जवळजवळ सगळी वर असतात आणि लगेच पुढच्या सीला सहाही भोकं व उजव्या करंगळीची की एकदम दाबायची. एक बोट अर्धवट पडलं की स्वर किंचाळतो. तुमचे दोन्ही उपाय लागू पडले : तिसऱ्या क्लॅरिनेटला तीच ओळ खालच्या सप्तकात, आणि बाकीच्यांनी बी फ्लॅट वाजवतानाच उजवा हात भोकांवर ठेवून द्यायचा. दुसरा उपाय सुरांची पट्टीही सुधारतो, कारण तो कच्चा स्वर त्याने थोडा खाली बसतो.

पाणी चढण्याचे १६ बार (ताल मोजायचे समान तुकडे) आम्ही एकाच लांब क्रेसेंडोत, म्हणजे हळूहळू चढत्या आवाजात, लिहिले होते. मुलं चौथ्या बारलाच पूर्ण जोरात पोचतात आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. तुम्ही ती खूण खोडून सगळ्यांना ‘पियानो’ (म्हणजे हळू आवाजात) लिहिलंत आणि वाद्यं मात्र दर दोन बारांनी वाढवलीत : ट्युबा, बॅरिटोन सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, हॉर्न, मग वर. क्रेसेंडो फक्त शेवटच्या चार बारांत. हॉर्नचे वरचे स्वर एकमेकांना खेटून असल्याने मुलं शेजारच्या स्वरावर घसरतात, म्हणून त्यांच्या ओळीला आल्टोची सोबत.

आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांसाठी तुम्ही सुचवलेला स्नेअर ड्रम, खालच्या बाजूच्या तारा सैल सोडून वाजवलेला, या रचनेतला आम्हाला सर्वांत प्रिय भाग आहे. तारांची खरखर गेली की तो कोरडा, दमलेला ठोका ऐकू येतो.

फुटण्याच्या क्षणाआधी दोन मात्रा पूर्ण शांतता होती. अशा जागी कुणीतरी एकजण आधी वाजवतोच. तिथे तुम्ही एकाच फ्लूटचा लांब स्वर ठेवलात. मुलं मोजण्याऐवजी त्याला ऐकू लागतात, आणि श्रोत्यांना ती जागा अधिकच भीतीची वाटते. त्यानंतरचा ट्रॉम्बोनचा सरकता स्वर आम्ही एफवरून बी फ्लॅटकडे नेला होता. खालचा एफ सरकत्या नळीच्या सहाव्या पोझिशनला, तिथवर लहान मुलाचा हात पुरत नाही. आता जीपासून, म्हणजे चौथीपासून पहिलीपर्यंत. अंतर कमी झालं, पण आवाज तुटत नाही.

ढोल-ताशाबद्दल तुम्ही घातलेली मर्यादा पथकातल्या मुलांना जड गेली असेल, पण बरोबर होती. बंद हॉलमध्ये टिपरूचा ठोका फ्लूट आणि क्लॅरिनेट दोन्ही गिळतो. म्हणून ढोल एकच, तोही पुराच्या १२ बारांपुरता, आणि ताशा नाही. टिंपनीचे (सुरात लावायच्या मोठ्या नगाऱ्यांचे) सूर बदलायला आम्ही दोन बार दिले होते, तुम्ही आठ मागितलेत. आठच हवे होते.

ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं आपल्याकडे बहुतेक बँडांत नसतातच. त्यांच्या ओळी आता आल्टो आणि टेनर सॅक्सोफोनच्या कागदावर बारीक अक्षरांत आहेत. चिखल उरलेल्या पेठांचा शेवटचा सोलोही तसाच छापला आहे.

सोबत दुरुस्त संच पाठवत आहोत. तिसऱ्या क्लॅरिनेटच्या कागदात आता पान उलटायची जागा चार बारांच्या विश्रांतीवर येते, तेवढं एकदा पाहून घ्यावं.

आपले ऋणी,
या रचनेचे आम्ही तिघे, पुणे