अठरा वायल

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज काल रात्री आला तेव्हा मी इथे औषधाच्या लॅबमध्ये ड्युटीवरच होतो, आणि आज सकाळपासून चार वेळा वाचून झाला. "माझ्या अंगात सापाच्या विषावरच्या औषधाच्या अठरा बाटल्या, अठरा वायल गेल्या, त्यासाठी नक्की किती जनावरं लागली ते खरं सांग, तुला माहीत असणार." एवढंच लिहिलंयस. बरा आहेस, हाताची सूज उतरली, काळं पडलेलं कातडं निघतंय, यातलं काहीच नाही, ते मला वहिनींकडून कळलं. फोनवर हे सांगायला जमलं नसतं म्हणून लिहितोय, लांबेल, सावकाश वाच.

आधी एक सांगतो. नवरात्रात वहिनींचा फोन आला की गडग्याचा चिरा उचलताना बोटाला फुरसं चावलं, गाडी काढलीय, तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल तर वीस मिनिटांची टेस्ट केली का. त्यांना काय कळणार होतं बिचाऱ्यांना, पण नंतर म्हणाल्या की डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन तसंच उभं ठेवलं होतं आणि वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक पेटवून संपवून टाकतं, मग पुढे गोठायला रक्तात काही उरतच नाही आणि माणूस हिरड्यांतून, लघवीतून, आतल्या आत कुठूनही रक्त जाऊन संपतो. पहिल्या दहा वायल, सहा तासांनी परत नळी, परत पातळ, मग अजून आठ, आणि मग कुठे पहाटे नळीत गाठ धरली. ती गाठ धरल्याचा फोन आला तेव्हा मी रडलो रे, कुणाला सांगितलं नाही.

आता तुझा प्रश्न. घोड्यापासून सुरुवात करतो कारण ते निदान लोकांना थोडंफार माहीत असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, सोबत अंगाची प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध मिसळलेलं असतं, मग मात्रा हळूहळू वाढवत नेतात, काही महिने हे चालतं, आणि घोड्याचं रक्त त्या विषाशी लढणाऱ्या अँटिबॉडी तयार करत जातं. पुरेशा झाल्या की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. किलोमागे 13 ते 15 मिली, म्हणजे 300 किलोचा घोडा असेल तर चार लिटर तरी होतंच. त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा पातळ भाग, ठेवतात आणि जिथे नीट काम चालतं तिथे लाल पेशी घोड्याला परत चढवतात, म्हणजे त्याच्या अंगातल्या लाल पेशी फारशा कमी होत नाहीत. पुढे त्या प्लाझ्माचं शुद्धीकरण, मग सुकवून पावडर, आणि तीच पावडर त्या रात्री सिस्टरने डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून तुला लावली. तुला मधेच थंडी भरून अंगावर गांधी उठल्या ना, आणि ॲड्रेनलिन द्यावं लागलं, ते घोड्याचं प्रोटीन तुझ्या अंगाला परकं वाटलं म्हणून.

घोडा यात मरत नाही. हे वाक्य आमच्या लाईनीतले लोक फार लवकर म्हणतात, मीही म्हणायचो. पण टोचलेल्या जागी गाठी येतात, कधी पिकतात, वर्षानुवर्षं तीच मान, तीच शीर, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक घोडा बघितला होता, टेक्निशियन नुसता दरवाजात आला की तो आपणहून मान वळवून उभा राहायचा. लोक म्हणायचे बघा किती शहाणा. मला ते शहाणपण वाटलं नाही, अजून वाटत नाही. सुई येणार हे त्याला पाठ झालं होतं.

साप पण आहेत यात. देशातलं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सोसायटीतून येतं, चेन्नईच्या खाली वडनेम्मेलीला. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर कातड्यासाठी साप पकडण्याचा धंदा बंद पडला, आणि ज्यांना साप पकडण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं अशा इरुलांनी 1978 मध्ये ही सोसायटी काढली. साप पकडायचा, तोंडाला फडकं बांधलेल्या मडक्यात ठेवायचा, काही आठवड्यांत चार वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि परत जंगलात सोडायचा. मला हे काम मनापासून आवडतं. अडचण एकच, तिथल्या फुरशाचं विष आणि आपल्या सड्यावरच्या फुरशाचं विष तंतोतंत सारखं नसतं, आणि तुला अठरा लागल्या त्यामागे हेही कारण असू शकेल.

आता उंदीर. तुला उत्तर द्यायला मी चार दिवस टाळाटाळ केली असती ती यामुळे.

औषधाची प्रत्येक बॅच बाहेर जाण्याआधी ती खरंच विष मारते का हे सिद्ध करावं लागतं, आणि कायद्याने मान्य असलेली पद्धत म्हणजे पांढरे उंदीर. 18 ते 20 ग्रॅमचे, हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटत पण नाही. ठरावीक विष आणि वेगवेगळ्या मात्रेत औषध असं मिश्रण करायचं, अर्धा तास 37 डिग्रीला ठेवायचं, मग शेपटीच्या शिरेत टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं, कुठल्या गटातले किती जगले किती मेले. निम्मे वाचवणारी मात्रा कुठली हे काढायचं असतं, म्हणजे काही मेलेच पाहिजेत, नाहीतर आकडाच निघत नाही. समज एका विषासाठी पाच-पाच उंदरांचे पाच गट, तर 25, चार विषांचे 100. आणि जे जगतात त्यांनाही नंतर मारावंच लागतं. नागाच्या विषाचे उंदीर श्वास अडकून जातात. घोणस-फुरशाचे कसे जातात ते तुला सांगायची गरज नाही, तू स्वतः त्या रस्त्याने निम्मा जाऊन आलायस.

तर हिशोब. एक बॅच 5000 वायलची धरली आणि 100 उंदीर धरले तर पन्नास वायलमागे एक, म्हणजे तुझ्या अठराच्या वाट्याला अर्धा उंदीरसुद्धा येत नाही. हे उत्तर तुला पाठवून मोकळं व्हावं असं एकदा मनात आलं होतं. पण उंदीर अर्धा मरत नाही बाळ्या. तो आख्खा मरतो, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, रात्री, आणि सकाळी मी रजिस्टरमध्ये आकडा लिहितो.

तुला एफवायची ती प्रॅक्टिकल आठवतेय का? बेडकाच्या पायाला टाचण्या मारायच्या होत्या आणि तू ट्रे तसाच ठेवून बाहेर गेलास, सर ओरडत होते, जर्नलचे मार्क गेले, नंतर तू झूऑलॉजी सोडलीस. मी आत राहिलो. मला वाटलं होतं तू भावनेच्या भरात वागतोयस. दरवर्षी त्याच त्या बेडकात तेच हृदय बघायचं, नवीन काहीच शोधायचं नाही, आणि त्यासाठी पोतंभर बेडूक, यात तूच बरोबर होतास. 2014 मध्ये यूजीसीने कॉलेजातली ती चिरफाड थांबवायला सांगितली, तेव्हा तुला फोन करायला हवा होता, केला नाही.

पण आता तुझ्या मेसेजमध्ये मला जे दिसतंय ना, की मी असं औषध घ्यायलाच नको होतं, त्यावर मी तुझ्याशी भांडणार. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात साधारण 12 लाख माणसं साप चावून गेली असा अंदाज आहे, वर्षाला 58 हजार, आणि ती कोण तर चिरा उचलणारी, भात लावणारी, रात्री अंगणात जमिनीवर झोपणारी. त्यांच्यासाठी आज दुसरं औषध नाही. तू नको म्हणाला असतास तर एकही उंदीर वाचला नसता, वहिनी आणि पोरगी मात्र उघड्यावर पडल्या असत्या. हे मी कुणापुढेही म्हणेन.

मात्र गरज आहे म्हणून पद्धत हीच राहिली पाहिजे असं कुठे आहे? आपल्या आळीतल्या तात्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, आपण पोरं मोजायचो. ती लस कशी बनायची माहितेय, मेंढीला रेबीजची लागण करायची आणि तिचा मेंदू काढून त्यातून लस. वर्षानुवर्षं सांगत होते की स्वस्तात दुसरा उपाय नाही, आणि त्या लसीने काही माणसांना लकवा पण व्हायचा. 2004 च्या शेवटी ती आपल्याकडे बंद झाली, आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात, मेंढी पण सुटली आणि माणूस पण. तसंच सशांचं, इंजेक्शनने ताप येतो का बघायला सशाला टोचून तापमान मोजत बसायचे, आता त्याची बरीच कामं नळीत होतात. अर्थात त्या नळीतलं रसायन ज्या समुद्री खेकड्यासारख्या प्राण्याच्या निळ्या रक्तापासून काढतात त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर अजून एक पत्र होईल.

मला स्वतःला जे खुपतं ते हे. तुझ्या जिवाचा निर्णय त्या रात्री एका काचेच्या नळीने केला. डॉक्टरांनी त्या नळीवर भरवसा ठेवून दहा वायल चढवल्या आणि नळीवरच भरवसा ठेवून थांबवल्या. मग औषधाची ताकद बघताना आम्ही नळी का नाही वापरत? फुरशाचं विष माणसाच्या प्लाझ्मात टाकलं की तो लगेच गोठतो, आधी औषध मिसळलेलं असेल तर गोठत नाही, किती मिसळल्यावर थांबतं ते घड्याळ लावून मोजता येतं. सगळं यात दिसत नाही हे मला मान्य आहे, मांस सडतं, रक्तवाहिन्या फुटतात ते नळीत कळणार नाही. पण पहिली चाळण नळीत लावली तर कमकुवत औषध उंदरापर्यंत जाणारच नाही, आणि शेवटच्या तपासणीला मोजके उंदीर पुरतील. हे मी आमच्याकडे दोनदा लिहून दिलंय. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की नियमात जे लिहिलंय ते करा. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, बाहेरचे लोक पण त्यात असतात, त्यांच्या मीटिंगमध्ये मी परत मांडणार आहे. 2023 मध्ये नवीन औषधांच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना जागा करून दिलीय, म्हणजे दार अगदीच बंद नाही.

घोड्याशिवायचं औषध पण येईल कधीतरी. 2024 मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससी आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स इन्स्टिट्यूटच्या लोकांनी लॅबमध्ये बनवलेली माणसाची अँटिबॉडी दाखवली, नाग-मण्यारीच्या विषातल्या एका जातीच्या घटकाला ती अडवते. फुरशाला तिचा उपयोग नाही. आणि तीही उंदरांवरच तपासली, हे तुझ्यापासून लपवत नाही.

परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिनबद्दल आपण शाळेत वाचलं होतं, प्लेगची लस आधी सशांवर बघितली आणि मग 10 जानेवारी 1897 ला त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. आम्हाला तेव्हा त्यांचं धाडस शिकवलं, सशांचं कुणी काही बोललं नाही. सशांशिवाय ते धाडस झालं नसतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

हाताला पाणी लागू देऊ नकोस एवढ्यात. गडग्याचं काम या वर्षी गड्याला सांग, आणि त्यालाही पहारीने चिरा हलवल्याशिवाय खाली बोटं घालायची नाहीत हे सांग. आईंना नमस्कार.

आणि एक काम कर. डिस्चार्जच्या कागदांत किंवा औषधाच्या रिकाम्या खोक्यावर बॅच नंबर असेल, हॉस्पिटलमध्ये विचारलंस तर स्टॉकच्या वहीत नक्की मिळेल. तो मला पाठव. आमच्याकडची बॅच असेल तर मी जुनं रजिस्टर काढून तुला नेमका आकडा सांगतो, समज धरून काढलेला नाही. अक्षर बहुतेक माझंच असेल.

तुझा,
दत्ता