उजवी घालून जाऊ

वुल्व्हरहॅम्प्टन,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पद्या,

"नकाशा बघितला, चार-पाच वर्तुळं दिसतात, त्यातलं एक तू ठरव, आम्ही येतो," एवढं लिहून तू मोकळा झालास. गेले आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर तोच नकाशा पसरलेला आहे. बोटीने कालव्या-कालव्यांतून फिरून पुन्हा निघालेल्या जागी आणणाऱ्या वाटा म्हणजे ही वर्तुळं; त्यातलं कुठलं धरायचं ते आज ठरलं. कसं ठरलं ते सविस्तर लिहितो, कारण तू पाटबंधाऱ्यातला माणूस. कालव्याचं नुसतं नाव सांगून तुझं समाधान व्हायचं नाही.

शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आपल्या अर्ध्या वर्गाला १ जून लावला, त्यामुळे तू ३१ मेला सुटणार. म्हणजे जूनचा दुसरा आठवडा धरू. तेव्हा इथे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो.

वालचंदच्या हॉस्टेलच्या गच्चीवर आपण ठरवलं होतं, आठवतं ना? रिटायर झालो की नर्मदा परिक्रमा, तीही पायी. आता वहिनींचा एक गुडघा बदलून झालाय, दुसऱ्याची तारीख लागायचीय, आणि माझी कंबर तर तुला ठाऊकच आहे. ती परिक्रमा आता आपल्याकडून होणे नाही, हे मी मनाशी मान्य केलंय. म्हणूनच या खेपेला मी वर्तुळावर अडून बसलोय. सरळ जाऊन त्याच वाटेने परत यायचे सुंदर कालवे इथे आहेत. वेल्समधला लँगॉलनचा कालवा बघायला तर जगभरातून माणसं येतात. १८०५ साली बांधलेला पोंटकसल्टेचा जलसेतू त्याच वाटेवर आहे. दरीच्या तळापासून १२६ फूट उंचावर लोखंडी पन्हाळ आणि त्या पन्हाळीतून बोट जाते! तो तुला मी एक दिवस गाडीने दाखवून आणीन. पण आपल्याला निघालेल्या जागी परत यायचंय ते पुढे जात जात. पाठ फिरवून नाही.

आता तुझ्या कामाचं. तुझा कालवा उतारावर चालतो. उतार नसेल तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचायचं नाही. इथला कालवा जवळजवळ चालतच नाही. तो जिन्यासारखा आहे. सपाट पाणी, मग एक पायरी, पुन्हा सपाट पाणी. त्या पायरीला लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना दारं असलेला हौद तो, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. आपल्या नॅरोबोटीची, म्हणजे या अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट बोटीची रुंदी सात फुटांनाही जराशी कमी, आणि लॉकही तेवढंच, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एक-दोन बोटं जागा. एक लॉक एकदा भरायचं म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. प्रत्येक बोट माथ्यावरून उतरताना तेवढं पाणी खाली घेऊन जाते, आणि ते वरच्या जलाशयांतूनच यावं लागतं. त्यामुळे वाट निवडताना पाण्याचा हिशेब आधी, देखाव्याचा नंतर.

वेळेचा हिशेब त्याहून सोपा. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची, तिला तीनने भागायचं, आले तास. बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे, प्रत्यक्षात तीनच धरायचे, आणि एका लॉकला वीस मिनिटं. नकाशावर छोटं दिसणारं वर्तुळ या बेरजेत कधीकधी सगळ्यात मोठं निघतं.

चेशायरचं वर्तुळ ९७ मैल आणि ९२ लॉक. मँचेस्टर शहराच्या पोटातून जातं, मला फार आवडलं असतं. पण ते सध्या तुटलेलं आहे. याच वर्षी १ जानेवारीला डनहॅमजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा भराव पावसात वाहून गेला आणि पाणी शेतांत शिरलं. चित्रं बघितली तेव्हा मला तूच आठवलास. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलापर्यंत घराघरांत पाणी गेलं, त्या रात्री तू फोनवर किती कळवळून बोलत होतास. त्यात भरीला यंदाचा उन्हाळा इथे कोरडा गेला. जलाशय इतके खाली गेले की त्याच वर्तुळातल्या मॅकल्सफील्ड आणि पीक फॉरेस्ट कालव्यांवर लॉक बंद ठेवावी लागली. ते वर्तुळ या खेपेला सोडून देऊ.

ड्रॉइटविचचं अगदी लहान. २१ मैल, ३३ लॉक, म्हणजे अठरा तास. मोडकळीला आलेले जुने कालवे लोकांनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा बांधले आणि २०११ साली ते वर्तुळ जुळलं. शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडला की होतं. पण साता समुद्रापलीकडून तुम्ही तीन दिवसांसाठी येणार नाही.

राहिलं स्टोअरपोर्टचं. त्याच्याविषयी मी घरचा अनुभव सांगतो. त्यात शंभराच्या वर लॉक आहेत, आणि टार्डबिगला सव्वादोन मैलांत ओळीने ३० लॉक लागतात. ते सगळं आम्ही केलं, हात सोलवटले तरी आनंदाने केलं. शेवटचा टप्पा सेव्हर्न नदीचा. आम्ही वूस्टरला डिग्लिसच्या धक्क्यात पोचलो तेव्हा आमच्याकडे ऊन होतं, पण आदल्या दोन दिवसांत वर वेल्सच्या डोंगरांत पाऊस झाला होता. सकाळी उठून नदीवर गेलो तर पाणी चहासारखं, आख्खी झाडं वाहत चाललेली, आणि पातळी दाखवणारी पट्टी लाल खुणेपर्यंत बुडालेली. लाल म्हणजे जायचं नाही. तीन दिवस तिथेच बसलो. चौथ्या दिवशी सुट्टी संपली, बोट तिथेच सोडली आणि बसने घरी आलो. स्टोअरपोर्ट जेमतेम बारा मैलांवर राहिलं होतं. घरात पाऊल टाकताना ही म्हणाली, "परिक्रमा खंडली." त्या शब्दाने मला जे झालं ते तुला समजेल. म्हणून यावेळी वाटेत नदी नको, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

तर आपलं ठरलं ते चार परगण्यांचं वर्तुळ, इथे ज्याला फोर काउंटीज रिंग म्हणतात. ११० मैल, ९४ लॉक. सगळा कालवाच कालवा, नदी नाही. भागाकार केलास तर ६८ तास. लोक हे एका आठवड्यात करतात. मुलं कॉलेजात असताना मीही केलंय, रोज दहा-दहा तास बोट हाकून. त्या फेरीतलं मला काय आठवतं? घड्याळ. मार्केट ड्रेटनला बुधवारचा बाजार भरतो, तिथली जिंजरब्रेड प्रसिद्ध. आम्ही नेमके बुधवारी गावाजवळून गेलो आणि थांबलो नाही, कारण संध्याकाळपर्यंत ऑडलम गाठायचं होतं. आपण चौदा दिवस घेऊ. रोज पाच तास बोट, बाकी दिवस आपला. खर्च दुप्पट होईल, तो अर्धा-अर्धा वाटून घेऊ; पण दिवस कमी करायचा आग्रह धरू नकोस.

दिशा मी उजवी धरलीय. देवळात जशी उजवी घालतो तशी, घड्याळाच्या काट्याबरोबर. यात श्रद्धा आहेच, पण हिशेबही आहे. आपली बोट घरापासून दहा मिनिटांवर, ऑदरलीच्या फाट्याजवळ मिळेल. तिथून डावीकडचा श्रॉपशायर युनियन कालवा धरायचा. तोंडालाच एक लॉक आहे, उंची फक्त सहा इंच! जुन्या कालव्याच्या कंपनीला भीती होती की नवा कालवा आपलं पाणी ओढून नेईल, म्हणून सहा इंचांसाठी दारं बसवायला लावली. पाण्याच्या वाटपावरून भांडणं सोडवण्यात तुझी हयात गेली, तू ते लॉक नक्की हात लावून बघशील.

त्यानंतर व्हीटन ॲस्टनचं एक लॉक, आणि तिथून टर्लीपर्यंत सतरा मैल एकही नाही. शिकायला याच्यासारखी जागा नाही. सुकाणू वहिनींच्या हाती द्यायचं. त्यांचं माहेर मालवणचं, दांडा डावीकडे रेटला की बोट उजवीकडे वळते हे त्यांना सांगावं लागणार नाही. मागच्या बाजूला उंच स्टूल ठेवू, म्हणजे गुडघ्यावर भार नको.

याच सपाटीवर शेलमोरचा भराव आहे. तिथे मी तुझ्यासाठी एक आख्खी दुपार राखून ठेवलीय. या कालव्याचा इंजिनियर थॉमस टेलफर्ड, त्याला कालवा सरळ न्यायचा होता. पण मधल्या जमीनदाराचं शिकारीचं रान होतं, त्याने वाट दिली नाही. मग रानाला वळसा घालून मैलभर लांबीचा, साठेक फूट उंच मातीचा भराव घालावा लागला. माती टाकायची, ती घसरायची, पुन्हा टाकायची, असं पाच वर्षांहून जास्त चाललं. टेलफर्ड तेव्हा सत्तरीच्या पुढे होता, कान गेले होते. १८३४ च्या सप्टेंबरात तो वारला, आणि कालवा सुरू झाला १८३५ च्या मार्चमध्ये. आज त्या भरावावर दोन्ही बाजूंनी इतकी दाट झाडी आहे की आपण उंचावरून चाललोय हे कळतही नाही. झाडांच्या फटीतून खाली शेतं दिसली की मगच पोटात गोळा येतो. मागच्या वेळी मी तिथून वीस मिनिटांत निघून गेलो, आणि काठावर उतरून त्या मातीला हात लावायचं राहून गेलं, हे मला अजून लागून आहे.

पुढे उतार सुरू. टर्लीला ५ लॉक, ॲडर्लीला ५, ऑडलमला १५. उजवीने गेलं की ही सगळी उतरायची असतात, आणि नवख्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं सोपं, कारण भरताना पाणी उसळतं तसं रिकामं होताना उसळत नाही. बोट भरलेल्या लॉकमध्ये घ्यायची, मागचं दार लावायचं. मग खालच्या दाराच्या झडपा विंडलासने उचलायच्या, काटकोनात वाकलेलं लोखंडी हँडल असतं ते. दात्यांवर कट्‌-कट्‌-कट्‌ असा आवाज येतो, आणि बोट लिफ्टसारखी खाली जायला लागते. बाजूच्या ओल्या विटा वर सरकतात, त्यांच्या सांध्यांतून नेच्याची हिरवी पानं लोंबत असतात, हवा एकदम गार होते. एकच गोष्ट सांभाळायची. मागच्या दाराखाली दगडी उंबरा आहे. बोटीची शेपटी त्यावर अडकली तर पुढचा भाग पाण्यात जातो. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्यापुढे राहायचं. ते काम वहिनींचं, आणि मी तिथे वर उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघणार. शेवटी दार उघडायला लाकडाची लांबलचक तुळई असते. दोन्हीकडचं पाणी समान झाल्याशिवाय ती चौघांनी रेटली तरी हलत नाही. आमची ही तुळईला पाठ टेकून नुसती उभी राहते. मग एका क्षणी तुळई आपण होऊन मऊ होते.

मिडलविचपर्यंत तुम्ही पक्के झालेले असाल, आणि खरा घाट तिथून. व्हीलॉकपासून किड्सग्रोव्हपर्यंत सात मैलांत २६ लॉक, सगळी चढाची. बोटवाले त्याला 'हार्टब्रेक हिल' म्हणतात. तिथे तीन दिवस घालवू. सकाळी आठ-नऊ लॉक, दुपारी पोहे-चहा आणि आराम. घाट चढून गेलं की पाण्याचा रंग बदलतो, लोखंडाच्या गंजासारखा नारिंगी. डोंगराच्या पोटातलं लोहखनिज झिरपतं ते. समोर हेअरकॅसलचा बोगदा, २,९२६ यार्डांचा. एका वेळी एकाच दिशेच्या बोटी सोडतात. कर्मचारी येऊन दिवा आणि भोंगा तपासतात, आणि मग चाळीस मिनिटं अंधार. शेजारीच टेलफर्डच्या आधीच्या काळातला इंजिनियर जेम्स ब्रिंडली, त्याचा जुना बोगदा बंद पडलेला दिसतो. ११ वर्षं खणत होते, १७७७ साली पुरा झाला, आणि तोवर ब्रिंडलीला जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यात घोडा चालायला वाट नव्हती. माणसं बोटीवर उताणी झोपून भिंतीला पाय लावत बोट रेटत न्यायची. आपण टेलफर्डच्या बोगद्याने जातो, तो १८२७ चा, तीन वर्षांत झालेला.

पलीकडे स्टोकच्या जुन्या कुंभारभट्ट्या, मग स्टोन, मग ग्रेट हेवुडचा फाटा. तो वळला की टिक्सलला कालवा एकदम तळ्यासारखा पसरतो. तिथे दोन रात्री. तिथून ऑदरली साधारण दोन दिवस.

आता तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. वहिनींच्या डॉक्टरांना विचार की बोटीच्या तीन पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढल्या-उतरल्या तर चालेल का, आणि दुसरं ऑपरेशन त्या आधी आहे की नंतर. दोघांसाठी ओल्या दगडावर न घसरणारे रबरी तळाचे बूट घे, घरी थोडे वापरून मग आण. आणि पोहण्याचा सराव तू सोडलायस की नाही ते खरं कळव. लाइफ जॅकेट मी सगळ्यांसाठी घेणारच आहे. जूनच्या बोटी डिसेंबरातच संपायला लागतात. पुढच्या रविवारी भारतीय वेळेप्रमाणे रात्री नऊला फोन करतो, तेव्हा तारीख पक्की करू. वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा,
विज्या